पिसवांचे पंचांग

२०२० सालचा एप्रिल महिना आठवा. देवरूखच्या एसटी स्थानकात एकही गाडी उभी नव्हती. बाजारपेठ दुपारीच मिटलेली असायची. मुंबईला अडकलेल्या चाकरमान्यांचे फोन घरोघरी येत होते. गावाला यावे की येऊ नये, आलो तर घरात घेतील की शाळेत ठेवतील, हीच सगळ्यांची चिंता. त्या वर्षी रमजानचा महिनाही एप्रिलच्या अखेरीस, टाळेबंदीतच सुरू झाला. मशिदीला कुलूप, नमाज घरात. आणि या सगळ्यात एक वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकत होतो : ‘‘एकदा ऊन तापू दे, मग बघा, कोरोना जळून जाईल.’’

खरे सांगायचे तर मीही ते म्हणत होतो आणि माझ्याकडे त्याला आधारही होता. माझी दादी सांगायची की तिचे वडील मुंबईच्या गोदीत खलाशी होते आणि प्लेगच्या साली ते बोटीने गावाला पळून आले. परत कधी जायचे याचा त्यांचा हिशेब साधा होता. आंबा पिकला की साथ गेली. आंबा उतरला, पाऊस तोंडावर आला की मंडळी पुन्हा मुंबईची बोट धरत. हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या टिकले होते.

२०२० चा आंबा पिकला, काही बागांतच राहिला, उन्हाळा संपला; कोरोना मात्र गेला नाही. पुढच्या वर्षी तर त्याहून वाईट झाले. २०२१ ची दुसरी लाट ऐन एप्रिल-मे महिन्यांत, देश भाजून निघत असतानाच आली. त्या रमजानमध्ये रोज कुठून तरी जनाज्याची खबर येत होती. मग दादीच्या वडिलांचे वाक्य खोटे होते का? की अडाणी माणसांचा तो एक समज होता?

मी साहित्याचा विद्यार्थी. गणिताशी माझी फारकत शाळेतच झाली. पण हा प्रश्न मला सोडीना, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. वाचून झाल्यावर कळले की ते वाक्य खरे होते. प्लेग मुंबईतून खरोखरच आंबा पिकताना जात असे. चुकलो होतो आम्ही. कारण साथ कशामुळे जाते ते कारण आम्ही विसरलो होतो आणि वाक्य तेवढे लक्षात ठेवले होते. ते कारण तिळाएवढ्या एका किड्याच्या पोटात होते. त्या किड्याचा आणि मुंबईच्या उन्हाचा हिशेब जुळवायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षे लागली. त्या हिशेबाची ही गोष्ट आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांना काही रुग्णांत तापासोबत जांघेत, काखेत गाठी दिसल्या. हा प्लेग आहे, असे त्यांनी जाहीर केले. मांडवी म्हणजे गोदीजवळची धान्याची वखार. धान्य म्हटले की उंदीर आलेच. हिवाळ्यात साथ भडकली आणि मुंबई रिकामी होऊ लागली. रत्नागिरी जिल्ह्यातून गिरण्यांत आणि गोदीत गेलेले हजारो लोक बोटींनी, पडावांनी, पायी परत फिरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. २०२० मध्ये आपल्यावर लागू झाला तो हाच कायदा.

रोगाचे जंतू तोवर माहीत झाले होते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसँ यांनी ते शोधले होते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. माती, हवा, धान्य, कपडे, घाण या सगळ्यांवर संशय होता. म्हणून भिंतींना चुना मारा, जमिनी खणा, सामान जाळा, माणसांना उचलून छावणीत न्या, असे उपाय सुरू झाले.

पुण्यात हे उपाय गोऱ्या सोजिरांकडून कसे झाले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच महिन्यात रँड यांच्या समितीने घरोघरच्या झडत्या सुरू केल्या. मे महिन्यात साथ ओसरली. बंदोबस्ताला यश आले, असे सरकारने धरले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. पण इतिहासाच्या पुस्तकात पुढची ओळ सहसा नसते. त्याच वर्षी पावसाळ्यात पुण्यात प्लेग पुन्हा आला आणि पहिल्यापेक्षा जोराने आला. झडत्यांनी तो गेला असता तर असा चार महिन्यांत परतला नसता. मे महिन्यात पुण्यात आणखी एक गोष्ट झाली होती. ऊन तापले होते. त्याचे श्रेय मात्र कोणी उन्हाला दिले नाही.

१८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत एक प्रयोग केला. काचेच्या भांड्यात प्लेगने मरत असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि शेजारी जाळीआड दुसरा निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून जाईल, अशी योजना. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. सिमों म्हणाले, वाहक पिसू आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही. भारतात आलेल्या सरकारी आयोगानेही ते उडवून लावले.

पुढे १९०५ साली नवा आयोग बसला आणि त्याने मुंबईत परळला काम सुरू केले. जुने गव्हर्न्मेंट हाऊस तेव्हा प्लेगची प्रयोगशाळा झाले होते. त्याच वास्तूला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. आयोगाने प्रयोगासाठी छोट्या कोठड्या बांधल्या. त्यांत प्लेगग्रस्त उंदरांच्या पिसवा सोडल्या आणि गिनीपिग ठेवले. जमिनीवरचे गिनीपिग मेले. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाही. हवा तीच, खोली तीच. प्रश्न मिटला. उंदरावरून पिसू आणि पिसूवरून माणूस, ही साखळी पक्की झाली.

आपल्या खेड्यांतल्या लोकांना पिसू ठाऊक नव्हती, पण त्यांनी उंदीर बरोबर ओळखला होता. घरात उंदीर पडला की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालून राहायचे, हे त्यांचे शास्त्र. दादीही तसेच सांगायची. आज विचार केला तर दिसते की त्या काळातल्या उपायांत हा उपाय फार शहाणपणाचा होता. उंदीर मेला की त्याच्या थंड पडलेल्या अंगावरून पिसवा उतरतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. तेव्हा त्या घरात माणूस नसणे हेच बरे.

याच आयोगाने आणखी एक काम केले, ज्याची चर्चा कमी होते. त्यांनी मुंबई, पुणे, बेळगाव, पंजाब अशा ठिकाणचे मृत्यूंचे आकडे आणि तापमानाचे आकडे शेजारी शेजारी मांडले. मुंबईत प्लेग डिसेंबर-जानेवारीत चढू लागे, मार्च-एप्रिलमध्ये कळसाला जाई आणि जूनपर्यंत ओसरे. घाटावर, पुण्या-बेळगावकडे, तो पुढच्या वर्षांत पावसाळ्यात चढला आणि पावसाळा सरता सरता शिगेला गेला. पंजाबात तो वसंतात भडके आणि उष्णता वाढताच कोसळे. रोग एकच, राज्य एकच, पण पंचांगे तीन. जिथे जिथे रोजचे सरासरी तापमान ८० ते ८५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तिथे तिथे साथ खाली आली. प्रयोगशाळेतही हेच दिसले. पिसवा उबेत ठेवल्या की त्यांच्या पोटातले प्लेगचे जंतू लवकर नाहीसे होत. गारव्यात ठेवल्या की ते टिकत आणि वाढत.

असे का व्हावे? हे समजायचे तर ‘थंड रक्ताचा प्राणी’ म्हणजे काय, ते आधी पाहू. शब्द जरा फसवा आहे. अशा प्राण्यांचे रक्त थंडच असते असे नाही. त्यांना स्वतःची भट्टी नसते, एवढाच अर्थ. आपल्या अंगात सदतीस अंशांची भट्टी रात्रंदिवस चालू असते. बाहेर थंडी असो की ऊन. पाल, साप, बेडूक, मुंगी, डास, पिसू यांचे अंग मात्र भोवतालाबरोबर गरम आणि गार होते. आमच्याजवळच्या मार्लेश्वराच्या गुहेत साप असतात. दर्शनाला गेलेल्याला ते कपारीत निवांत पडलेले दिसले तर लोक म्हणतात, देवाचे साप आहेत. त्या भक्तीला धक्का न लावता एवढे म्हणता येईल की डोंगराच्या पोटातल्या त्या गारव्यात सापाचे अंगही गार असते आणि गार सापाला घाई नसते. अशा प्राण्याच्या शरीरातली प्रत्येक क्रिया, म्हणजे चालणे, पचवणे, अंडी घालणे, वाढणे, ही तापमानाच्या तालावर चालते.

हा ताल आकड्यांत पकडता येतो, हे लोकांच्या लक्षात आले ते याच प्लेगच्या काळात. १८९७ साली, मुंबई-पुण्यात प्लेग चालू असताना, अमेरिकेत अॅमॉस डॉल्बेअर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक छोटा लेख लिहिला. विषय होता रातकिडा. रातकिडे मिनिटाला चाळीस वेळा किरकिरले तर हवा पन्नास अंश फॅरनहाइट. पुढे दर चार किरकिरींमागे एक अंश वाढवा. म्हणजे मिनिटाला एकशेवीस वेळा आवाज आला तर सत्तर अंश. आपल्याकडच्या रातकिड्याचे सूत्र वेगळे निघेल, पण तत्त्व तेच. आम्ही कवी मंडळी रातकिड्यांना विरहाच्या कामाला लावतो. ते बिचारे तापमान सांगत असतात.

पुढे हार्लो शॅप्ली नावाचे खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात माउंट विल्सन वेधशाळेत होते. रात्री ते तारे बघत आणि दिवसा मोकळ्या वेळात भिंतीवरच्या मुंग्यांची रांग. ठराविक अंतर तोडायला मुंगीला किती वेळ लागतो, हे ते घड्याळ लावून मोजत. १९२० साली त्यांनी निष्कर्ष छापला. तापमान तीस अंश सेल्सिअसने वाढले तर मुंगीचा वेग सुमारे पंधरा पट होतो, आणि नुसता वेग मोजून तापमान एखाद्या अंशाच्या फरकाने सांगता येते.

पण रातकिड्याच्या आणि मुंगीच्या या सरळ हिशेबात एक धोका आहे. ऊब वाढली की काम वाढते, हे खरे. मात्र एका हद्दीपर्यंतच. त्या हद्दीपलीकडे शरीरातली प्रथिनेच बिघडू लागतात आणि कामगिरी खाली येते. कशी खाली येते, हे आमच्या भागातल्या माणसाला आकृती न काढता सांगता येईल. कोल्हापूरकडून आंबा घाटाला या. देशावरून सह्याद्री हळूहळू चढत जातो. चढ आहे हे कळतही नाही. माथा येतो, आणि पुढे एकदम कडा. खाली कोकण. शीतरक्त प्राण्याची कामगिरी आणि तापमान यांचा आलेख हुबेहूब असाच असतो. चढ लांब आणि सौम्य, माथा अरुंद, उतार म्हणजे कडा. रेमंड ह्यूई या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७९ साली एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या लेखानंतर हा आलेख जीवशास्त्रात सर्रास वापरला जाऊ लागला.

आता पिसूकडे परत येऊ. १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत बेकॉट आणि मार्टिन यांनी पिसूच्या पोटात नेमके काय घडते ते दाखवले. प्लेगचे जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढतात आणि त्यांचा गोळा होऊन बूच बसते. रक्त आत जाईना, म्हणून पिसू उपाशी राहते. उपाशी म्हणून ती वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावते. प्रत्येक चाव्यात आत जाऊ न शकलेले रक्त जंतूंसह उलटून जखमेत येते. प्लेग पसरतो तो असा, एका भुकेल्या किड्याच्या हताश चाव्यातून. आणि हे बूच गारव्यात चांगले बसते. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर ते नीट बसत नाही. पिसू मोकळी होते, पोटभर जेवते आणि रोग पसरवत नाही. शिवाय हवा गरम आणि कोरडी झाली की उपाशी पिसवा लवकर मरतात आणि अळ्याही जगत नाहीत. म्हणजे आलेख एक नाही, तीन आहेत : पिसूच्या पैदाशीचा, तिच्या आयुष्याचा आणि तिच्या पोटातल्या बुचाचा. तिन्हींचा गुणाकार केला की प्लेगचे पंचांग निघते. मुंबईचे सरासरी तापमान जानेवारीत चोवीस अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात तीसच्या आसपास. म्हणजे हिवाळाभर पिसू माथ्याजवळ असते आणि आंबा पिकतो तेव्हा कड्यावरून खाली गेलेली असते. दादीच्या वडिलांनी हेच पाहिले होते. त्यांच्याकडे तापमापक नव्हता, आंब्याचे झाड होते.

मात्र गणिताच्या इतिहासात मुंबईचा प्लेग वेगळ्याच कारणाने अमर झाला. अँडरसन मॅकेंड्रिक हे स्कॉटलंडचे डॉक्टर. मलेरिया आणि डास यांचा संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर ते १९०१ साली आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले होते. रोगाचे गणित मांडता येते, हा रॉस यांचा ध्यास त्यांनी उचलला. पुढे ते भारतातल्या वैद्यकीय सेवेत होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे प्रमुख झाले. १९२० च्या सुमारास प्रकृती बिघडल्याने ते एडिंबरोला परतले. तिथे त्यांना विल्यम केर्मॅक भेटले. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी समीकरणे मनातच सोडवली. एक भारतातून आजारी होऊन परतलेला डॉक्टर आणि एक अंध रसायनशास्त्रज्ञ, या दोघांनी १९२७ साली साथीच्या गणिताचा पाया घातला.

त्यांचा विचार असा. लोकसंख्येचे तीन भाग करा : रोग होऊ शकेल असे, रोगी आणि रोगातून सुटलेले, सुटलेले म्हणजे बरे झालेले किंवा मेलेले. रोगी वाढतात तसे पहिल्या गटातले कमी होतात. एक वेळ अशी येते की रोगाला नवे सावज पुरेसे मिळत नाही आणि साथ आपोआप उतरते. सगळे आजारी पडायच्या आधीच ती संपते. हे दाखवायला त्यांनी खऱ्या साथीचे आकडे घेतले. ते होते मुंबई बेटाचे : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवड्यागणिक मृत्यू. त्यांच्या सूत्रात तीन आकडे बसवले होते : ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला आकडा कळसाच्या आठवड्यातल्या मृत्यूंचा. कळस येतो सतराव्या आठवड्याला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. कागदावरची रेघ आणि मुंबईचे मृत्यू जवळजवळ एकमेकांवर बसले. कोरोनाच्या काळात दूरचित्रवाणीवर रोज जी टेकडीसारखी रेघ दाखवत, तिचे मूळ इथे आहे. तिच्या प्रत्येक ठिपक्यामागे मुंबईतली माणसे आहेत आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातलीही असणारच.

पण या समीकरणात तापमान कुठेच नव्हते! साथ उतरली ती सावज संपले म्हणून, असे रेघ सांगत होती. ऊन तिच्या हिशेबात नव्हते. दोघे लेखक प्रामाणिक होते. उंदरांची सगळी लोकसंख्या सारखीच, रोगाचा जोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा, पिसवा इतक्या भरपूर की त्यांचा वेगळा विचार नको, अशी गृहीते आपण धरली आहेत, आणि यातले एकही पुरते खरे नाही, हे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवले. पुढच्या लोकांनी रेघ उचलली आणि ती कबुली वाचायची राहिली. पुढची कित्येक वर्षे हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत आदर्श म्हणून छापले जात राहिले.

२०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञांनी ते पुन्हा तपासले. त्यांनी साधा प्रश्न विचारला. सावज संपल्यामुळे साथ उतरली असेल, तर ती दरवर्षी त्याच ऋतूत कशी चढते आणि त्याच ऋतूत कशी उतरते? एका वर्षाचा आलेख पाहिला तर रेघ बरोबर वाटते. ओळीने अनेक वर्षांचे आलेख मांडले की मुंबईचे ऋतूच समोर दिसतात. बाकाएर यांनी उंदीर, पिसवा, माणूस आणि वर्षभर बदलणारे तापमान हे सगळे घेऊन नवी समीकरणे मांडली. १९२७ चे तीन आकडे खरे धरले तर त्यातून निघणाऱ्या उंदरांच्या आणि रोगाच्या किमती वास्तवात बसत नाहीत, हेही त्यांनी दाखवले. सावज कमी होणे खरे आहे. मेलेल्या आणि रोग पचवलेल्या उंदरांची जागा नव्या पिढीने घेईपर्यंत रोगाला थांबावे लागते. पण ऊन हा त्या हिशेबातला मोठा भागीदार आहे. परळच्या आयोगाने जे १९०८ च्या सुमारास आकड्यांनी दाखवले होते, ते गणितात यायला शंभर वर्षे लागली.

या सगळ्यातून मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कोरोनाचा विषाणू एका माणसाकडून थेट दुसऱ्या माणसाकडे जातो. त्याचे घर म्हणजे माणसाचे शरीर, आणि तिथे मे महिन्यातही सदतीस अंश आणि डिसेंबरातही सदतीसच. उन्हाने हात घालावा असा थंड रक्ताचा प्राणी मध्ये नव्हताच. प्लेगच्या साखळीत पिसू ही एकच कडी अशी होती की जिला बाहेरचे ऊन लागत होते. प्लेगसुद्धा जेव्हा फुफ्फुसात उतरून खोकल्यातून माणसामाणसांत पसरतो, तेव्हा त्याला ऋतूचे बंधन असे राहत नाही. मांचुरियात १९१०-११ साली तो ऐन बर्फात पसरला होता.

‘आंबा पिकला की साथ गेली’ हे वाक्य खरे होते, पण ते पिसूबद्दल होते. आपण त्यातली पिसू विसरलो आणि ऊन तेवढे लक्षात ठेवले. त्या विसरण्याची किंमत किती, हे सांगता येणार नाही. पण ‘ऊन आहे, आता काही होत नाही’ म्हणून त्या दिवसांत किती जण निर्धास्तपणे लग्नकार्याला गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. प्लेग १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा दिसला होता. आणि पिसू नसली तरी डास आहेत. मलेरियाचा प्रसार पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत सोपा असतो आणि डेंग्यूचा एकोणतीसच्या आसपास, असे २०१३ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेली गणिते सांगतात. प्रत्येक किड्याचा माथा वेगळा, कडा वेगळा. त्यामुळे हवा तापली की सगळेच रोग वाढतील, हे जितके चूक, तितकेच सगळे जळून जातील, हेही चूक. एक उतरेल, दुसरा चढेल. जो आज सपाटीवर आहे, तो उद्या घाटमाथ्यावरच्या थंड गावांत पोहोचेल.

याला दुसरी बाजूही आहे. २००८ साली कर्टिस डॉइच आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अडतीस जातींच्या कीटकांचे असे आलेख तपासले. थंड देशांतले कीटक माथ्यापासून बरेच खाली आहेत. हवा थोडी तापली तर त्यांचे भलेच होईल. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातले कीटक मात्र आधीच माथ्याजवळ आहेत. त्यांना दोन-तीन अंशांची वाढही कड्याकडे नेणारी. त्यांत डास असतील तसे फुलांवर परागकण नेणाऱ्या माश्या-मधमाश्याही असतील, आणि त्या नसतील तर आंब्याच्या मोहोराला फळ कोण धरवणार? आंबा पिकला की साथ जाते, हे म्हणायला आधी आंबा पिकला तर पाहिजे.

सध्या संध्याकाळी अंगणात बसलो की मी घड्याळ लावून रातकिडे मोजतो. घरची मंडळी हसतात. सूत्र मला जुळलेले नाही. आपल्या रातकिड्याचे गणित कोणी तरी इथल्याच पोराने मांडायला हवे. सोपे आहे. एक घड्याळ, एक तापमापक आणि वर्षभराची चिकाटी. दादीच्या वडिलांनी झाड पाहून हिशेब ठेवला होता. त्यांचा आकडा बरोबर होता. आपण फक्त त्यामागचे कारणही लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या साथीत आपल्या नातवंडांनी चुकीच्या उन्हावर विसंबून राहू नये.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)